रेक्सहॅमचा ४४ गोलवाला

वेल्सला गेलेला माणूस किल्ले बघतो, डोंगर बघतो, फार तर मेंढ्यांचे फोटो काढतो. मी फुटबॉलचं मैदान बघून आलो, आणि तेही रिकामं. कारण ताईचा मुलगा. चेस्टरला राहणाऱ्या आमच्या या भाच्याने मी येणार म्हटल्यावर सगळा कार्यक्रम परस्पर ठरवून टाकला होता. किल्ल्यांचे दोन दिवस एका दिवसात कोंबले (कॉनवी चांगलं आहे, पायऱ्या फार आहेत, एवढंच सांगतो) आणि उरलेला अख्खा दिवस रेक्सहॅमला दिला.

चेस्टरहून गाडी पाव-अर्ध्या तासात पोचते. स्टेशनातून बाहेर पडलं की मैदान समोरच. याचं नाव रेसकोर्स. १८७७ मध्ये वेल्स-स्कॉटलंड सामना इथे झाला आणि आजही आंतरराष्ट्रीय सामने होणाऱ्या मैदानांत हे जगातलं सगळ्यात जुनं मानलं जातं. पण हे कुणाला ऐकायचंय? रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी या दोन नटांनी २०२१ मध्ये क्लब विकत घेतला, त्यावर टीव्ही मालिका निघाली आणि गावाची पंढरी झाली. कोपऱ्यावरच्या 'द टर्फ' या पबबाहेर अमेरिकन मंडळी एकमेकांचे फोटो काढत होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती, सामना नसताना! मला गर्दीचा मुळात तिटकारा. त्यात सामन्याची तिकिटं मिळाली नव्हतीच. म्हणजे बंद देवळाभोवती प्रदक्षिणा घालायची आणि प्रसाद म्हणून दुकानातून टी-शर्ट घ्यायचा. किमतीचे मनातल्या मनात रुपये केले आणि हात मागे घेतला.

भाचा मात्र हवेत होता. त्याचा देव पॉल मलिन. मूळचा लिव्हरपूलकडचा हा स्ट्रायकर. २०२०-२१ मध्ये केंब्रिज युनायटेडसाठी त्याने लीग टूमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या दर्जात, ३२ गोल ठोकले, संघ वर चढला, आणि हा गडी मात्र दोन पायऱ्या खाली उतरून पाचव्या दर्जाच्या रेक्सहॅमला आला. २०२२-२३ मध्ये लीगमध्ये ३८ गोल. रेक्सहॅमने १११ गुण मिळवले आणि पंधरा वर्षांनी फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या दर्जात, परत पाऊल ठेवलं. ज्या सामन्यात ते पक्कं झालं, त्यातही दोन गोल याचेच. मग उन्हाळ्यात अमेरिकेत मँचेस्टर युनायटेडशी मैत्रीपूर्ण सामना खेळताना गोलकीपर येऊन आदळला, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला छिद्र पडलं. तरी परतून २४ गोल. हे सगळं भाच्याने मला दुकानाच्या रांगेत ऐकवलं. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच मलिनला क्लबने विगन या दुसऱ्या क्लबला उसना देऊन टाकला, हे मी विचारल्यावर सांगितलं, तेही जरा खालच्या आवाजात.

आम्ही मराठीत बोलत होतो, पण आकडे इंग्रजीत. भाच्याने तिसऱ्यांदा 'थर्टी-एट' म्हटलं, तेव्हा मागे उभे असलेले एक आजोबा, हातात नातवासाठी घेतलेला लाल स्कार्फ, शांतपणे म्हणाले, "फॉर्टी-फोर." आमच्या संभाषणातला तेवढा एकच शब्द त्यांना कळला होता आणि तेवढाच त्यांना झोंबला होता. भाचा गप्प. मला आजोबा एकदम आवडले.

४४ गोल टॉमी बॅमफर्डचे. १९३३-३४, तिसरी डिव्हिजन, उत्तर विभाग. तेव्हा या गटात बावीस संघ, म्हणजे हंगामात प्रत्येकाचे ४२ सामने. बेचाळीस सामन्यांच्या हंगामात चव्वेचाळीस गोल! पोर्ट टॅलबोटचा पोरगा. १९२९ मध्ये इथे आला आणि पाच-साडेपाच वर्षांत लीगमध्ये १७४ गोल करून गेला. चषकाचे धरले तर दोनशेवर. क्लबचे हे दोन्ही विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत. वेल्सकडूनही पाच सामने खेळला. आणि एवढं करून संघ वर गेला का? नाही. १९३२-३३ मध्ये दुसरा आला, पण वर फक्त पहिल्यालाच घ्यायचे. पहिला होता हल.

भाच्याने हार मानली नाही. "त्या काळी सगळेच गोल करायचे, मामा." यात तथ्य आहे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पुढच्या खेळाडूकडे चेंडू देताना त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये विरोधी संघाचे तीन गडी लागायचे, नंतर दोन पुरेसे झाले. बचाव करणाऱ्यांची तारांबळ उडाली आणि गोलांचा पाऊस पडला. एव्हर्टनच्या डिक्सी डीनने तर एका हंगामात ६० केले. पण मग पावसात सगळेच भिजतात, रेक्सहॅममध्ये बॅमफर्डएवढा दुसरा कोण भिजला, ते सांग. यावर उत्तर आलं नाही. मी खूश.

निघताना आजोबांनी सांगितलं की वेळ असेल तर ग्रेसफर्डचं चाक बघून जा. का, ते सांगितलं नाही. भाच्याला जायचं नव्हतं, त्याला बर्गर हवा होता. बर्गर बसमध्ये खाल्ला.

ग्रेसफर्ड रेक्सहॅमला लागूनच आहे. तिथे कोळशाची खाण होती. आता खाण नाही, तिचं एक चाक उरलंय. कामगारांचा पाळणा खाली सोडायचं आणि वर ओढायचं, ते. माझ्या उंचीहून बरंच मोठं. दोर बसायची खाच बोटाने चाचपली, आतून गुळगुळीत होती, कडेला शेवाळ. खाली श्रद्धांजलीला वाहिलेल्या कागदी पॉपी-फुलांच्या चक्रांचा रंग पावसाने उतरला होता, आणि कुणीतरी रेक्सहॅमचा स्कार्फ बांधून ठेवला होता. फुटबॉलचा स्कार्फ इथे कशाला, म्हणून फोनवर शोधलं आणि तिथेच उभ्याउभ्या वाचत राहिलो.

२२ सप्टेंबर १९३४, शनिवार. पहाटे दोनच्या सुमाराला खाणीच्या डेनिस भागात स्फोट झाला. २६६ माणसं गेली. त्या रात्री आत नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. कारण शनिवारी दुपारी रेसकोर्सवर ट्रॅनमियर रोव्हर्सशी सामना होता, आणि दुपार मोकळी मिळावी म्हणून कित्येकांनी आदल्या रात्री डबल पाळी घेतली होती. गिरणगावात वाढलेल्या माणसाला डबल पाळी म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे ती गणपतीच्या रजेसाठी व्हायची.

आग विझेना म्हणून खाणीची तोंडं बंद केली. फक्त ११ मृतदेह वर आले, त्यातले तीन तर बचावाला उतरलेल्यांचे. बाकीची माणसं अजून खालीच आहेत. आणि जे वाचून माझं डोकं सणकलं ते हे: गेलेल्यांच्या मजुरीतून अर्धवट राहिलेल्या पाळीचे पैसे कापून घेतले गेले. खटला चालला, खाणीच्या व्यवस्थापनाला दंड झाला तो १५० पौंड, तोही नोंदी नीट ठेवल्या नाहीत म्हणून.

मी भाच्याला हे मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे ते बॅमफर्डला बघायला..." आणि थांबला. ते ट्रॅनमियरचा सामना बघायला जाणार होते, एवढंच लिहिलेलं आहे. पण आदल्याच हंगामात ४४ गोल केलेला माणूस ज्या संघात आहे, त्याचा सामना कुणासाठी बघतात, हे मी काय सांगू? मी स्वतः शाळेला दांडी मारून वानखेडेवर गेलेलो आहे, आणि ते काही समोरच्या संघासाठी नव्हे.

पुढच्याच महिन्यात रेक्सहॅमने बॅमफर्डला मँचेस्टर युनायटेडला विकलं, सोबत बिली ब्रायंटलाही. युनायटेड तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं. १९३६ मध्ये ते तिथून अव्वल येऊन वर गेलं. म्हणजे वर चढण्याचं भाग्य बॅमफर्डला शेवटी दुसऱ्याच गावात लाभलं. तिथेही पन्नासहून जास्त गोल केले. १९३८ मध्ये स्वान्सीला गेला, आणि वर्षभरात महायुद्धाने लीगच बंद पडली.

बस अर्धा तास आली नाही, पाऊस मात्र वेळेवर आला. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती. तिने न विचारताच सांगितलं की पुढच्या थांब्याला छप्पर आहे, आणि आम्हाला तिथवर सोडायला स्वतः वळून आली. या देशात हवेबद्दल कितीही तक्रार करा, माणसांबद्दल माझी नाही.

छपराखाली भाचा फोनवर काहीतरी बघत होता. "मामा, शनिवारी विगनला मॅच आहे. तिकिटं मिळतायत." मी विचारलं, मलिन खेळणार का? "बहुतेक." माझं परतीचं विमान रविवारी आहे, शनिवारी ताईने पुरणपोळीचा घाट घातलाय, आणि तिला हे कुणी सांगायचं यावर चेस्टर येईपर्यंत आमचं एकमत झालं नाही.