'कै.' राहून गेलं

२०२१चा डिसेंबर. एकाहत्तरच्या युद्धाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुरवणी निघत होती आणि वैमानिकांचं पान माझ्याकडे आलं. मी मुद्रितशोधक. आमच्या टेबलावर युद्धसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ तपासायलाच येतं.

वरच्या अर्ध्या पानात दिलीप परुळकर होते. रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून १३ ऑगस्ट १९७२ला ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सहवैमानिकांसह निसटले, अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोचले, तिथे पकडले गेले आणि १ डिसेंबरला वाघ्यावरून परत आले. एक अनुस्वार सोडला तर मजकूर स्वच्छ.

खाली छोटी चौकट. 'कै. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे'. ५ डिसेंबर १९७१ला सुखोई-७ घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट रोड विमानतळावरच्या हल्ल्याला गेले, ते परतले नाहीत. पार्थिव मिळालं नाही. पत्नी दमयंती, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, १९७०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

'कै.'वर पेन अडलं. हे कुणाच्या माहितीवर लिहिलं?

कात्रणांची फाइल मागवली. (पान सोडायला चाळीस मिनिटं असताना असले उद्योग करू नयेत, हे मी नव्या मुलांना शिकवतो.) युद्ध चालू असतानाच ढाक्याच्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'ने जिवंत पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी दिली होती. त्यात एक नाव होतं, टॉम्बे. हे तांबेच, असं घरच्यांनी मानलं. दुसऱ्यांच्या चुका सुधारण्यात माझी तीस वर्षं गेली, पण कुणाची आशा एका चुकीच्या स्पेलिंगवर टिकून राहिलेली मी प्रथमच पाहत होतो. १९७९मध्ये लोकसभेत चाळीस बेपत्तांची यादी मांडली गेली, पुढे आकडा चौपन्नवर गेला. २००७मध्ये नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, रिकाम्या हाती. आमच्याकडे असं कुणी नाही, हे पाकिस्तानचं उत्तर कायम.

पानाची जबाबदारी असलेला मुलगा आला. "काका, सात वर्षं पत्ता नसला की कायदा माणूस मेला असं धरतो ना? पन्नास झाली."

"कायदा धरतो रे. आपण छापतोय."

'हुतात्मा' टाकू म्हणाला. त्यातही मरण आहेच. मग खालचं वाक्य दिसलं : 'तांबे हे उत्तम वैमानिक होते.' 'आहेत' लिहिलं तर खोटी आशा, 'होते' ठेवलं तर निकाल. ते वाक्यच उडवलं. दोन ओळी कमी पडल्या, तिथे विमानाचं चित्र मोठं केलं. मथळा राहिला : 'फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे, ५ डिसेंबर १९७१पासून बेपत्ता'.

सकाळी दहाला एका जुन्या वाचकाचा फोन. आमच्या चुका काढणं हा त्यांचा छंदच.

"अहो, त्या तांब्यांच्या नावाआधी 'कै.' राहून गेलंय."

"राहिलं नाही," मी म्हणालो, "काढलं."

पलीकडे ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. पण वरच्या मजकुरात 'वाघ्यावरुन'मधला रु ऱ्हस्व पडलाय."

खरंच पडला होता.