दिवेआगर: हॉटेलची वेळ आणि समुद्राची वेळ

दिवेआगरला ‘रिसॉर्ट’ हा शब्द बराच सैल आहे. नारळी-पोफळीच्या वाडीत चार खोल्या बांधल्या, दारात झोपाळा टांगला की झालं रिसॉर्ट. शेजारी पोहण्याचा तलाव असला तर ‘बीच रिसॉर्ट’. आम्ही राहिलो ते दुसऱ्या जातीचं. दोन एसी खोल्या, रात्रीचे प्रत्येकी २,४०० रुपये, नाश्ता त्यातच. जादा गादीचे ४००, जेवणाचं वेगळं. आई-बाबा, आम्ही दोघं, थोरली आणि धाकटा एवढी माणसं, आणि शुक्रवार ते रविवार एवढाच वेळ. यापेक्षा स्वस्त खोल्या गावात मिळतात, पण त्यांच्याकडे तलाव नसतो, आणि तलाव नसेल तर मुलं गाडीत बसणार नव्हती.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मग म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. साधारण १६० किलोमीटर. सकाळी लवकर निघालं तर अकरापर्यंत पोचता येतं. घाटात धाकट्यासाठी थांबावं लागतं, ते धरून.

खोली बघितल्यावर नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, “सी व्ह्यू लिहिलं होतं ना?”

मालक काकांनी शांतपणे वाडीपलीकडच्या सुरूच्या झाडांकडे हात केला. “समुद्र तिकडेच आहे. वादळानंतर दोन वर्षं इथनं सरळ दिसत होता. आता झाडं वर आली.”

यावर काय बोलणार! वादळ म्हणजे ‘निसर्ग’ चक्रीवादळ. ३ जून २०२० ला ते या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. इथली ‘श्रीवर्धनी रोठा’ सुपारी नावाजलेली, आणि पोफळ लावली की पहिलं पीक हाती यायला पाच-सात वर्षं जातात. काकांच्या वाडीत अजून उंच पोफळी मोजक्याच आहेत, बाकी सगळी मागाहून लावलेली पोरं. “सुपारी येईस्तोवर खायचं काय, म्हणून खोल्या काढल्या,” असं त्यांनी सांगितलं. तलावही तेव्हाचाच. सी व्ह्यूबद्दल आम्ही पुन्हा काही विचारलं नाही.

खोलीची तक्रार करायचीच तर जागा भरपूर होती. गीझर फक्त सकाळी सात ते नऊ. नळाचं पाणी किंचित मचूळ, त्यामुळे साबणाला फेस येत नाही. टॉवेल मागावे लागतात आणि मागितल्यावर सहा माणसांत चार येतात. पण चादरी स्वच्छ होत्या, संडास कोरडा होता, आणि आई कुठेही गेली तरी आधी या दोनच गोष्टी बघते. तिने मान डोलावली, मग बाकीच्यांना मत उरलं नाही.

दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद चिकटवलेला होता. नाश्ता साडेआठ ते दहा. दुपारचं जेवण एक ते तीन, ऑर्डर अकराच्या आत. तलाव आठ ते बारा आणि चार ते सात, नायलॉनचे कपडे सक्तीचे, पायाची वाळू धुऊन मगच उतरावे. चेक-आउट दहा. बाबांनी चष्मा लावून तो सगळा वाचला आणि बाहेर जाऊन काकांना विचारलं, “अहो, आज दशमीच ना?”

“दशमी. शुद्ध.”

“म्हणजे साडेसात.”

“साडेसात,” काका म्हणाले, आणि तेवढ्यावर दोघांचं जमलं.

बाबांचं लहानपण गुहागरला गेलं. तिथे भरतीची वेळ कुणी छापून देत नसे, ती तिथीवरून काढायची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. दशमी म्हणजे दहाची पाऊणपट साडेसात, सकाळी आणि संध्याकाळीही. दोन्हींच्या मधोमध, दीडच्या सुमाराला, ओहोटी. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्हींना पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. थोरलीने लगेच मोबाइलवर तपासलं, वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि पाऊण तास म्हणजे ४५, म्हणून हा हिशेब जमतो, हे तिचं तिनेच शोधून काढलं. बाबांना कारणाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना चिंता वेगळीच होती. “म्हणजे ओहोटीला, पोरांना शंख-शिंपले वेचायच्या वेळेला, आपण इथे जेवत बसणार.”

तसंच झालं. हॉटेलचं घड्याळ आणि समुद्राचं घड्याळ दोन्ही दिवस एकमेकांना आडवं जात राहिलं.

मुलांना मात्र दोन्ही घड्याळांची पर्वा नव्हती. बॅगा टाकल्या तशी ती तलावात. समुद्र चालत चार मिनिटांवर, आणि आमची मुलं निळ्या फरशीच्या, क्लोरीनचा वास मारणाऱ्या, साडेतीन फुटी पाण्यात. मला आधी संताप आला. एवढं पेट्रोल जाळून आलो ते याच्यासाठी? पण थोड्या वेळाने काठावर चहा पिताना लक्षात आलं, की चहा गरम असताना संपतोय. समुद्रावर मी सतत डोकी मोजत असते. एक, दोन, धाकटा कुठेय, तो बघ. इथे नजर काढून घेता येत होती. किनाऱ्यावरच्या हॉटेलातला तलाव मुलांसाठी बांधतात असं उगीच म्हणतात.

संध्याकाळी पाचला किनाऱ्यावर गेलो. दिवेआगरचा किनारा लांबलचक आणि सपाट, मागे सुरूचं बन. सपाट असल्यामुळे भरतीचं पाणी उंच लाटांनी येत नाही, पसरत पसरत येतं. बघता बघता आपल्या चपला त्याच्या वाटेत असतात. उंट, घोडागाडी, चार चाकांच्या फटफट्या, केळ्याच्या आकाराची ती रबरी होडी, सगळं होतं. फटफट्यांचा आवाज आणि धूर मला अजिबात आवडला नाही, आणि त्या माणसांमधूनच पळवतात हे तर नाहीच नाही. दक्षिणेकडे दहा मिनिटं चालत गेलं की मात्र माणसं संपतात. तिथे वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची रांगोळी होती. धाकटा एकेका बिळापाशी बसून मालक बाहेर यायची वाट बघत होता, मालक कसला येतोय!

रात्री जेवायला मांदेली तळून, बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. सुरमईच्या थाळीचा भाव फळ्यावर रोज नव्याने खडूने लिहितात. भरडखोलला होड्यांना काय मिळालं त्यावर तो ठरतो. भरडखोल इथून जवळच, कोळ्यांचं गाव. आम्ही बांगड्यावर भागवलं आणि पस्तावलो नाही. सगळा स्वयंपाक काकू आणि हाताखालची एक बाई करतात. रिसॉर्टमधली सगळ्यात चांगली जागा कुठली म्हणाल, तर स्वयंपाकघराच्या मागची पडवी. तिथे खोबरं खवत असताना नुसतं बसू देतात.

दुसऱ्या दिवशी एकादशी, पौषातली पुत्रदा. “आता कशाला पुत्रदा?” असं बाबा दरवर्षी म्हणतात, तसं म्हणाले. आईने दरवर्षीसारखं दुर्लक्ष केलं. तिला काळजी होती ती उपासाला इथे काय मिळणार याची. माशांच्या हॉटेलात साबुदाणा मागायचा कसा, म्हणून तिने राजगिऱ्याचे लाडू पर्समध्ये ठेवले होते. सकाळी ती चहा मागायला मागे गेली ती अर्धा तास परतलीच नाही. काकूंचीही एकादशी होती! एका शेगडीवर पाहुण्यांसाठी सुरमई, दुसरीवर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. माशाचं पातेलं आणि उपासाचं पातेलं, त्यांचे डाव, त्यांच्या झाकण्या, सगळं वेगळं. “आमच्याकडे दर एकादशीला असंच,” काकू म्हणाल्या. “पाहुणे काय पंचांग बघून येतात?” आईला ओलं खोबरं घातलेली खिचडी मिळाली, वर दह्याची वाटी. तिचे पैसे शेवटपर्यंत बिलात आले नाहीत.

आम्ही बाकीचे घावने खाऊन सुवर्णगणेशाला गेलो. १९९७ साली इथल्या एका वाडीत माती उकरताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाचं नशीब पालटलं. खोल्या, खानावळी, एसटीच्या जादा गाड्या, सगळं त्यानंतरचं. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. देवळाच्या दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा चोरांनी वितळवला. २०२१ मध्ये नवा मुखवटा बसवला. आई बराच वेळ हात जोडून उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “त्या पहारेकऱ्यांच्या घरचे येत असतील का रे इथे?” कुणाला उत्तर सुचलं नाही.

रूपनारायणाचं देऊळ मात्र चुकवू नका. गणपतीची गर्दी तिथवर पोचत नाही. काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती, प्रभावळीत दशावतार कोरलेले. गाव किती जुनं ते तिथे जाणवतं. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट हा मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक.

एकादशी म्हणजे सव्वाआठ, ओहोटी सव्वादोनला. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते, म्हणून दुपारच्या जेवणाची ऑर्डर न देताच निघालो. श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता भरडखोल, शेखाडी, आरावी, कोंडिवलीवरून समुद्राला लागून जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट पाणी. ज्या सी व्ह्यूचे पैसे आम्ही दिले होते तो इथे फुकट होता. याच शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ च्या मुंबई स्फोटांसाठीची स्फोटकं उतरवली गेली होती. आता तिथे माणसं गाड्या थांबवून फोटो काढतात. आम्हीही काढले. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, पण ओहोटी थांबत नाही म्हणून पेशव्यांना गाडीतूनच नमस्कार केला आणि वडापाव बांधून घेतले.

हरिहरेश्वरला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा रिवाज. प्रदक्षिणेची वाट देवळामागून डोंगरावर चढते आणि मग कातळाच्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी समुद्राकडे उतरते. खाली उतरलं की खडकांवर पाण्याने कोरलेली जाळी. मधाच्या पोळ्यासारखी भोकं, डोक्याच्या उंचीपर्यंत. मुलं त्यात बोटं घालून बघत होती. धाकट्याचं ठाम मत होतं की हे कुणीतरी ड्रिलने केलं आहे.

पुढे वाट खडकाच्या ओट्यावरून जाते. तिथे बाबा थांबले. अष्टमीचा भांग नुकताच सरलेला. भांगात भरतीही मोठी येत नाही आणि ओहोटीही फार आत जात नाही, त्यामुळे सव्वादोन झाले तरी ओट्याची कड ओलीच होती आणि मधूनच एखादी लाट वर येऊन जात होती. काही जण तरीही पुढे चालले होते. नवरा म्हणाला, “ते जातायत की.” बाबा म्हणाले, “त्यांना जाऊ दे.” इथे माणसं वाहून गेलेली आहेत, इशाऱ्याचे फलक उगीच लावलेले नाहीत. नवरा दोन मिनिटं धुसफुसला, मग धाकट्याला कडेवर घेऊन वळला.

वर देवळापाशी आई बसली होती. प्रदक्षिणा अर्धी सोडली म्हणून थोरलीला फार वाईट वाटत होतं. आईने लाडू पुढे केला. “अगं, महादेवाला अर्धीच घालायची असते.”

महादेवाची ही अर्धी, सोमसूत्री प्रदक्षिणा आडव्या आलेल्या लाटेसाठी सांगितलेली नाही, हे आईलाही ठाऊक होतं. पण थोरलीचं समाधान झालं, आणि नवऱ्याचंसुद्धा.

त्या रात्री नऊला वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा चालतो, एसी नाही. पौषात एसी कुणाला हवाय, पण ज्यांनी एसीचे पैसे मोजले होते त्या शेजारच्या खोलीतल्या मंडळींनी काकांना चांगलंच फैलावर घेतलं. काकांनी दोनशे रुपये कमी करतो म्हटल्यावर ते झोपले. एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर जनरेटर आहे का हे आधी विचारून घ्या.

रविवारी द्वादशी. आईने साडेआठच्या नाश्त्याला पारणं सोडलं, नऊला भरती, दहाला चेक-आउट. या एका दिवशी दोन्ही घड्याळं जुळली, तेव्हा आमची निघायची वेळ. बिल झालं १५,५५०. त्यात खोल्या आणि गाद्या १०,४००, बाकी जेवणाखाण्याचे. मोबाइलला रेंज नव्हती म्हणून पैसे जाईनात. काका म्हणाले, “माणगावला पोचलात की पाठवा.” आम्ही रोखच दिले. पाच हजारांची सोय खिशात ठेवून जा, गावातलं एटीएम दर वेळी चालू असेलच असं नाही. किलोभर रोठा सुपारी घेतली, ती बाबांनी दाताने तपासून.

गाडीत बसता बसता बाबांनी हिशेब मांडला. त्रयोदशी ते पौर्णिमा आलं तर ओहोटी चार-पाचच्या सुमाराला येते. जेवून, झोप काढून किनाऱ्यावर जाता येईल, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत गेलेलं असेल. “पुढच्या वेळी पौर्णिमा धरून येतो,” ते काकांना म्हणाले.

“या की. पण पौर्णिमा शनिवार-रविवारला आली तर भाव तीन हजार.”

“मग अमावस्येला येतो. पाणी तेवढंच आत जातं.”

काका हसले. “अमावस्येला दोन हजारात देतो. कोणी येत नाही हो.”