‘मूल सहकार्य करत नाही’

माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, तो बोलत नाही. त्याला चष्मा लागायला चौदा महिने गेले आणि त्यातले अकरा एका ओळीपायी. केस पेपरवर ती तीनदा लिहिली गेली: ‘मूल सहकार्य करत नाही, नंतर आणा.’

आम्ही सेलूचे. मला शंका आली ती बाटल्यांच्या झाकणांवरून. तो फरशीवर झाकणांची रांग लावतो. गाल फरशीला टेकवून, डावा डोळा मिटून, अगदी नाकाशी धरून एकेक झाकण बघायचा. सगळे म्हणायचे, ‘ही लेकरं असंच बघतात.’ तिरकं बघणं ऑटिझममध्ये असतं, हे खरं. पण म्हणून डोळे तपासायचेच नाहीत का?

दवाखान्यात सकाळी साडेआठला नंबर लावायचा, आत जायला बारा वाजायचे. बाकड्यावर दाटी, भोंग्यावरून नावं पुकारलेली, डोक्यावर लुकलुकणारी ट्यूबलाइट. आत जाईपर्यंत लेकरू कानावर हात ठेवून रडून दमलेलं. मग खुर्चीत बसवून समोरचा तक्ता.

‘बाळा, हे कोणतं अक्षर?’

‘दादा, तो बोलत नाही.’

‘मग बोट दाखवू द्या.’

तो तपासणीच्या चष्म्याचा जड लोखंडी सांगाडा नाकावर ठेवला की मुलगा ओढून काढायचा. ‘ताई, लेकरू ऐकतच नाही, पुढच्या महिन्यात या.’ पुढच्या महिन्यात तेच. तिसऱ्या वेळी मी विचारलं, न विचारता तपासायची काही सोय नाही का? उत्तर मिळालं, ‘बोलायला लागला की बघू.’

परतीच्या एसटीत तो माझ्या मांडीवर झोपला होता आणि मला राहून राहून एकच वाटत होतं, सहा महिन्यांच्या बाळाला चष्मा लागतो, ते बाळ काय अक्षरं वाचून दाखवतं? तेव्हा हा प्रश्न तिथेच, तोंडावर विचारायला हवा होता. तुम्ही विचारा. अजूनही तो केस पेपर हातात आला की माझं डोकं तापतं.

छत्रपती संभाजीनगरला दुसरीकडे गेलो. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट (चष्म्याचा नंबर काढणाऱ्या) ताईंनी अंधार केला, लांब मोबाइलवर कार्टून लावलं आणि रेटिनोस्कोपचा उजेड डोळ्यात टाकून, समोर एकेक भिंग धरत नंबर काढला. लेकरानं एक शब्द बोलायची गरज पडली नाही. त्याला उजेड आवडतो, तो शांत बसला. डोळ्याची बाहुली मोठी करायला आधी तीन दिवस घरी अॅट्रोपिनचं मलम लावायला दिलं होतं. ते मी तो झोपल्यावर लावायचे. (डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप आला, चेहरा लाल झाला तर मलम थांबवून लगेच फोन करायचा.) नंतर बरेच दिवस उजेड सहन होत नाही, आपल्याकडच्या उन्हात टोपी लागतेच.

दोन्ही डोळ्यांना प्लस नंबर निघाला, उजव्याला तीन, डाव्याला साडेपाच. डावा आळशी झालेला, म्हणजे मेंदू त्या डोळ्याचं बघणं कमी वापरायला लागलेला. डॉक्टर म्हणाले, ऑटिझम असलेल्या मुलांत चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा इतर मुलांपेक्षा जास्त सापडतो, म्हणून तक्रार नसली तरी तपासायचं. आणि आळशी डोळ्याला जितक्या लहानपणी उपचार, तितका गुण लवकर. मी मनात ते अकरा महिने मोजत होते.

त्यांनी जेवणाचंही विचारलं. आमचा फक्त भात आणि बिस्किटं खातो. असं मोजकंच खाणाऱ्या मुलांत अ जीवनसत्त्व कमी पडून डोळे कोरडे होऊ शकतात, रात्री दिसेनासं होऊ शकतं. तुमचं लेकरू असं खात असेल तर हे आपणहून सांगा.

चष्मा रबरी घ्या, मागून पट्ट्याचा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, तीही झाकणं समोर असताना. आता तो उठल्या उठल्या चष्मा मागतो, माझा हात धरून कपाटाकडे नेतो. आळशी डाव्यानं काम करावं म्हणून चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी असते, ती मात्र अजून रडून.

एक राहिलंच. नंबर लावताना खिडकीवरच सांगा, ऑटिझम आहे, गर्दीत बसवता येत नाही, पहिला घ्या. संभाजीनगरला घेतला.

तिरकं बघणं थोडं राहिलंय. पण गाल आता फरशीला टेकत नाही, तो बसून रांग लावतो. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, झाकणांचा डबा सोबत नेणार आहे.