ग्वाल्हेरचे ते हुसार

झाशीच्या राणीवर घाव घालणारा ८व्या हुसार्स या इंग्रजांच्या हलक्या घोडदळाच्या रेजिमेंटचा कुणीतरी घोडेस्वार होता, एवढंच ऐकून होतो. शाळेत तो 'एक गोरा शिपाई' होता, बस्स. सध्या रात्री जेवणं आटपली की त्याच रेजिमेंटबद्दल वाचत बसतो, बायको म्हणते नको तिथे डोकं चालतं तुमचं. असो, लिहून काढतो.

ही माणसं थेट क्रिमियातून, म्हणजे रशियाशी झालेल्या युद्धातून, तावूनसुलाखून निघालेली. २५ ऑक्टोबर १८५४, बालाक्लाव्हा, साधारण ६७० स्वार सरळ रशियन तोफांच्या तोंडात घातले त्यात हीही रेजिमेंट होती. त्या हल्ल्याचे गोडवे सगळेच गातात, पण मला त्यानंतरचा हिवाळा जास्त अंगावर आला. छावणीपर्यंत चाराच पोचेना आणि उपाशी घोडी एकमेकांच्या शेपट्या खायला लागली. आधी घोड्याचं चारापाणी मग आपलं जेवण ही शिस्त ज्यांच्या हाडीमाशी खिळलेली त्यांनी हे रोज बघायचं.

आणि हे सगळं कशासाठी तर रोजचा १ शिलिंग ३ पेन्स पगार, त्यातूनही खाण्यापिण्याचे वगैरे कापून घ्यायचे, हातात काय उरायचं देव जाणे. भरती झालास की १२ वर्षं. लग्नाला परवानगी मोजक्यांनाच, त्यांच्या बायका त्याच बराकीत कोपऱ्यात पडदा लावून संसार करायच्या. चुकलं की चाबूक, १८४६ नंतर जास्तीत जास्त ५० फटके, ही म्हणे सुधारणा!

मग १८५७ पेटलं आणि यांना डिसेंबरात मुंबईला उतरवलं, घोडे तिकडे विलायतेतच ठेवून, इथे नवे. गंमत बघा, तिकडे स्वतः लीद काढणारा साधा प्रायव्हेट इथे आल्यावर एकदम साहेब, खरारा करायला मोतद्दार, गवत आणायला वेगळा माणूस.

१७ जून १८५८, कोटा की सराय, ग्वाल्हेरच्या अलीकडे. उन्हाचा नुसता वणवा. हुसार्सचं एकच स्क्वाड्रन सुटलं ते राणीच्या बाजूच्या छावणीतून आरपार दोन तोफखान्यांवर गेलं, किल्ल्यावरून आणि शहरातून मारा चालू असताना दोन तोफा ओढून परत आलं. याच लढाईत राणी पडली. (इंग्रज १७ जून धरतात, आपल्याकडे बलिदान दिन १८ला.) घाव कुणाचा ते खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, आणि ती पुरुषी वेशात असल्यामुळे त्यालाही बहुतेक कळलं नसावं की समोर कोण आहे.

पण खरा अडकलो तो पुढे. त्या हल्ल्याचे ४ व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वात मोठं पदक, चक्क मतं घेऊन दिले! सगळेच सारखे लढले असतील तर रेजिमेंटनेच आपल्यातले निवडायचे असा नियमच होता. निवडले कॅप्टन हेनेज, जो बालाक्लाव्हाच्या हल्ल्यातही होता, सार्जंट जोसेफ वॉर्ड, प्रायव्हेट जॉन पिअर्सन आणि जॉर्ज हॉलिस. यातला हॉलिस नालबंद. नालबंदाला क्रॉस, तोही त्याच्याच सोबत्यांच्या मतांवर, खरं सांगू, मला आवडलं ते, आणि आवडलं म्हणून स्वतःचाच जरा राग आला, कारण मत देणाऱ्यांतच राणीवर घाव घालणारा तो एक हातही असू शकतो ना. क्रॉसबरोबर साध्या शिपायाला वर्षाला १० पौंड पेन्शन. हॉलिस १८७९ला वारला, पिअर्सन पार कॅनडात जाऊन १८९२ला. तिकडे पोराबाळांनी ग्वाल्हेरचं विचारलं तर काय सांगत असेल, तोफांचंच सांगत असणार.

आणि त्या बाजूलाही घोड्यावर एक बाई होती हे तर मला माहीतच नव्हतं. फॅनी डबर्ली, रेजिमेंटच्या पेमास्टरची (पगाराचा हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्याची) बायको, क्रिमियातही बरोबर आणि राजपुतान्यातल्या मोहिमेवरही, १८५९ला तिने त्यावर लिहिलंसुद्धा. आता ते मिळवून वाचायचंय. साहेबी चष्म्यातूनच असणार, पण नवऱ्याच्या पलटणीबद्दल ती कुठे खरं बोलून गेलीय का तेवढंच बघायचंय.