मग ती मक्केला गेली का?

गेल्या जानेवारीत नववीच्या वर्गाला घेऊन दाभोळला गेले होते. तशी साधीच क्षेत्रभेट. दापोलीहून लाल एसटी, पालकांची संमतीपत्रं, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि गणिताच्या सरांकडून मागून आणलेली तीस मीटरची टेप. बावीस वर्षं मी इतिहास शिकवते आहे. दाभोळची शाही मशीद माझ्या किती सहलींत येऊन गेली याचा हिशेब नाही. दरवेळी मी तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगत आले, आणि ती संपेपर्यंत मुलांची नजर डब्यांच्या पिशव्यांकडे लागलेली असायची. त्यात मुलांचा दोष नव्हता. विजापूरची राजकन्या, हजची यात्रा, वादळ, मशीद, तारीख, चला पुढे. मीच ती गोष्ट घाईनं आवरत होते.

म्हणून यंदा ठरवलं, आधी सांगायचं काहीच नाही. आधी हात लावायचा, मोजायचं, बघायचं. मग बोलायचं.

शेवटचा उतार लागला आणि माडा-पोफळींच्या शेंड्यांमधून वाशिष्ठीची खाडी दिसली, तशी सगळी बस एका खिडकीकडे कलली. समोरच्या काठावर वीज प्रकल्पाच्या चिमण्या. धोपाव्याहून येणारी फेरीबोट गाड्या घेऊन हळूहळू अलीकडे सरकत होती. धक्क्यावर उतरल्यावर एवढंच सांगितलं, की आज जिथे दुचाक्या फेरीबोटीत चढतायत त्या बंदरात पाचशे वर्षांपूर्वी अरबी घोडे उतरत होते. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, बहमनी मुलूख फिरला आणि परतीचं जहाज त्यानं दाभोळहून धरलं. डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय अल्मेडा इथे आला. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता. बाप सूड उगवायला दीवकडे निघाला होता, वाटेत दाभोळ लागलं, त्यानं ते लुटलं आणि जाळलं. "म्हणजे दाभोळनं काहीच केलं नव्हतं?" एकानं विचारलं. नव्हतं. वर्ग एकदम गप्प झाला. एवढ्या वर्षांत ही एक ओळ मी कधी अशी थांबून सांगितलीच नव्हती.

मशीद धक्क्यापासून लांब नाही. उंच जोत्यावर उभी, चढायला दगडी पायऱ्या, चार कोपऱ्यांना चार मिनार आणि मधोमध मोठा घुमट. पायऱ्यांपाशी एक म्हातारे गृहस्थ उन्हाला पाठ देऊन बसले होते. पांढरी दाढी, चौकड्याची लुंगी, डोक्यावर विणलेली टोपी. झाडलोट करायला रोज येतो म्हणाले. मी परवानगी विचारली. "शाळंची पोरं हायत, त्यांना कोण नाय म्हणतंय? चपला हितं काढा, नि आवाज जरा बारीक ठेवा." मुलींनी ओढण्या डोक्यावर घेतल्या, मी पदर घेतला. चाचा आमच्यामागून आत आले आणि भिंतीला टेकून बसले.

आत गार होतं. जानेवारीतही बाहेर घाम फुटत होता, आणि इथे पायाखालची फरशी थंडगार. घुमटाखाली गेल्यावर कुजबुजसुद्धा वर जाऊन फिरून खाली येत होती. मुलांनी ती तीन-चारदा करून पाहिली, मीही थांबवलं नाही. मग टेप निघाली. एक टोक धरायला दोघं, ताणायला दोघं, वाचायला एक आणि लिहायला पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर वर्गात स्वतःहून कधी बोललेली नव्हती. तिचं अक्षर चांगलं म्हणून वही तिच्याकडे.

लांबी 19.2 मीटर, रुंदी 16.4. फुटांत केली तर 63 आणि जवळजवळ 54. मी पिशवीतून कागद काढला. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये हेच आकडे आहेत: 63 फूट बाय 54 फूट, आणि घुमटाच्या टोकापर्यंत 75. इंग्रजी अमदानीतल्या कुणा माणसानं मोजलेलं आपल्यालाही तेवढंच भरलं, याचा मुलांना झालेला आनंद बघण्यासारखा होता. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखा.

तेवढ्यात मागून चाचा म्हणाले, "आमी असं नाय मोजत. सफा मोजा."

सफ म्हणजे नमाजाला खांद्याला खांदा लावून उभी राहणारी रांग. ते उठले, एका जागी उभे राहिले, मग गुडघे टेकून कपाळ फरशीला लावून दाखवलं. "एवढी जागा एका सफेला. मोज रे पोरा." टेप लावली, चार फूट. एकानं लगेच वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, 54 भागिले 4, साडेतेरा. तो सांगणार त्याआधीच चाचा म्हणाले, "तेरा. अर्धी सोड, ती पुढं इमामाची." मग आडव्या बाजूला मुलंच एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभी राहिली. अडतीसच्या अडतीस उभी राहिल्यावरही टोकाला जागा उरली. टेपेनं जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं, की ही इमारत माणसांच्या मापानं बांधली आहे. मला स्वतःलाही ते त्याच दिवशी कळलं.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. आता सालाची गोष्ट. या मशिदीचं साल छापताना कुणी 1559 छापतं, कुणी 1659. एका आकड्याचा फरक, पण मधे अख्खं शतक. मी इतकी वर्षं पहिलं सांगत आले, कारण मला शिकवणाऱ्या बाईंनी तेच सांगितलं होतं. यंदा दोन्ही सालं फळ्याऐवजी पायरीवर खडूनं लिहिली (नंतर ओल्या फडक्यानं पुसली), विजापूरच्या आदिलशहांची यादी हातात दिली आणि म्हटलं, तुम्हीच बघा.

मागच्या बाकावरचा एक, ज्याला मी कायम खिडकीबाहेर बघताना पकडते, तो ओरडला, "बाई, दोन्ही अलीच!" खरंच होतं ते. 1559 ला गादीवर अली आदिलशहा, पहिला. 1659 ला गादीवर अली आदिलशहा, दुसरा. ही यादी मी कितीदा वाचली असेल, पण ही दोन नावं शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. नुसतं 'अली आदिलशहाच्या काळी' असं कुणी सांगितलं असेल तर पुढे घोळ व्हायला तेवढं पुरे.

मग जुंपली. 1659 म्हटल्यावर प्रतापगड आला, 10 नोव्हेंबरला अफजलखान मारला गेला, आणि पाठोपाठ महाराजांच्या फौजा कोकणात उतरून दाभोळही त्यांच्याकडे आलं. "एवढी धामधूम चालू असताना मशीद कोण बांधत बसेल?" असं एक गट म्हणू लागला. दुसऱ्या गटानं मी आणलेले विजापूरचे फोटो पुढे केले. गोलघुमटाच्या तळाशी दगडी पाकळ्यांची ओळ आहे, जणू घुमट कमळातून वर आला आहे. मुलांनी माना वर करून इथला घुमट न्याहाळला, पाकळ्या शोधल्या. गोलघुमट पुरा झाला 1656 ला. "मग ही पण तेव्हाचीच!" तिसरी म्हणाली, "पाकळ्या आधीपासून करत असतील तर?" कुणाच्या बाजूनं मी कौल दिला नाही. पुरावा मांडायचा, समोरच्याचा खोडायचा, हे पुस्तकात एका परिच्छेदात लिहिलेलं असतं. इथे ते हातवारे करून चाललं होतं, आणि एकाही मुलानं डब्याची आठवण काढली नाही.

शेवटी मी गोष्ट सांगितली. विजापूरच्या राजघराण्यातली आयेशाबीबी, लोक तिला माँसाहेबा म्हणत. वीस हजार घोडेस्वार घेऊन ती हजला जायला दाभोळला आली म्हणतात. इथून जहाजानं मक्केला जायचं. पण समुद्र खवळला, कुणी म्हणतं वाटेवर समुद्री लुटारू होते, आणि प्रवास अडला. बरोबर आणलेल्या पैशाचं करायचं काय? तर ही मशीद. कामिलखान नावाच्या कारागिरानं चार वर्षांत बांधली आणि पंधरा लाख खर्च झाले, असं सांगतात. दाभोळमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही गोष्ट.

गोष्ट संपली. मी कागद आवरायला घेतले. तेव्हा ती वही धरलेली मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मग ती मक्केला गेली का?"

मला उत्तर देता आलं नाही. बावीस वर्षं ही गोष्ट सांगताना मी घोडेस्वार मोजले, लाख मोजले, चार वर्षं मोजली. ती बाई ज्या कामासाठी घर सोडून निघाली होती ते झालं का, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही, आणि कुणी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, "गोष्ट इथेच थांबते गं." तिचं समाधान झालं नाही. तिनं चाचांकडे पाहिलं.

चाचा म्हणाले, "हवा धरावी लागायची, बाय. तवा मशीन नव्हतं, शिडं होती." मग त्यांनी हातानं वारा दाखवला. थंडीत वारा इकडून, जमिनीकडून. त्या वाऱ्यावर जहाज सोडलं की अरबस्तानाकडे जायचं. जून लागला की वारा तिकडून, दर्या उसळतो, बंदर बंद. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कोणी होडी लोटत नाही, हे मुलांना सांगायची गरजच नव्हती, निम्मी हर्णै-दाभोळकडची. मी त्यात माझी भर घातली: हिजरी वर्ष आपल्या वर्षाहून साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हजचा महिना दरवर्षी मागे सरकतो आणि तेहेतीस-एक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. हज ऐन पावसाळ्यात आला तर थंडीतच निघून तिकडे काही महिने थांबायचं. वाऱ्याची वेळ चुकली की वर्ष गेलं. "म्हणजे राजकन्या असली तरी?" "वारा काय विजापूरचा नोकर होता?" चाचा म्हणाले.

मग ते जरा थांबले. "मी जेद्द्याला तीनदा गेलो. मक्केला एकदापण नाय."

तरुणपणी ते मालवाहू बोटीवर खलाशी होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किती घरांतले पुरुष असे बोटींवर गेले, आमच्या वर्गातही दोघातिघांचे आजोबा निघाले. जेद्दाच्या बंदरात बोट लागायची, माल उतरायचा, माल चढायचा. एकदा चार दिवस. त्यांनी कप्तानाला विचारलं होतं, सारंगाकडून, म्हणजे खलाशांच्या मुकादमाकडून, शब्द टाकून पाहिला होता, पण खाली उतरायची परवानगी मिळाली नाही. मक्का तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. दापोलीहून चिपळूण जेवढं, साधारण तेवढंच. त्यांची आई पुढे मुंबईहून हाजींच्या आगबोटीनं जाऊन आली. ती जहाजं 1995 पर्यंत चालू होती. मुलानं पैसे पाठवले आणि आई गेली. स्वतःची वेळ आली तेव्हा दोन मुलींची लग्नं होती, मग घर, मग गुडघे.

त्या मुलीनं वहीवर पेन तसंच धरलं होतं. तिनं विचारलं, "बंदरातून दिसायचं का काही?"

"मक्का? नाय गो. ते डोंगरांच्या पलीकडं. पण रातीला डेकवर उभं ऱ्हायलं की तिकडं जाणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसायचे. रांग लागलेली. मी तेच बघत ऱ्हायचो. चार राती बघितले."

कोणी काही बोललं नाही. खाली धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा झाला. चाचांनी टोपी सारखी केली, नमाजाची वेळ झाली म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकत पायऱ्या उतरून गेले. जाताना त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, "तेरा सफा. लिवलंस ना?"

मग डबे उघडले. पोळी-भाजी, कुणाचे घावन, कुणाची सुकटीची चटणी, सगळं सगळ्यांचं झालं. एसटीची वेळ झाली तशी मी हजेरी घेतली, तर सदतीस. एक कमी. काळजात धस्स झालं, खाडी समोर होती. धावत मशिदीच्या बाजूनं गेले तर ती तिथेच, खाडीच्या मुखाकडे तोंड करून उभी. भूगोलाच्या सरांचं होकायंत्र तळहातावर धरलेलं, काटा स्थिर व्हायची वाट बघत. मी रागावणार होते.

"बाई," ती मागे न बघता म्हणाली, "नकाशात बघितलं मी. बरोबर पश्चिमेला नाहीये मक्का. जरा उजवीकडे आहे."