गटात न बसणारं लाकूड

मार्चचा शेवटचा आठवडा. एम.ए. मानसशास्त्राचे लघुशोधप्रबंध जमा करायला दहा दिवस उरलेले आणि माझ्या विद्यार्थिनीचं काम एका शिक्क्यापायी अडलेलं. मेळघाटातल्या ज्या आश्रमशाळेत तिनं चाचणी घेतली होती, तिथल्या मुख्याध्यापकांच्या पत्रावर सही होती, शिक्का नव्हता. असल्या कामाला मार्गदर्शक सोबत जात नाहीत. मी गेलो, कारण 'आदिवासी व शहरी विद्यार्थ्यांचा तौलनिक अभ्यास' अशा नावाच्या कितीतरी प्रबंधांवर मी सह्या ठोकल्या होत्या आणि आश्रमशाळा आतून एकदाही पाहिली नव्हती.

अमरावतीहून परतवाडा, तिथून सेमाडोहच्या घाटातून धारणीची एस.टी. वाटेत तिनं मला तक्ते दाखवले. पाचवीतली तीस कोरकू मुलं, अमरावतीच्या एका खासगी शाळेतली तीस. बारा प्रश्न; प्रत्येकात चार चित्रं, गटात न बसणारं ओळखायचं. दोन मध्यमानांत, म्हणजे सरासरींत, चांगलंच अंतर, टी-मूल्य 0.01 स्तरावर सार्थक, म्हणजे खरा फरक नसताना एवढं अंतर निव्वळ योगायोगानं यायची शक्यता शंभरात एकाहून कमी; म्हणून 'दोन गटांत फरक नाही' या शून्य परिकल्पनेचा त्याग. निष्कर्षाचं वाक्य टाइप करून तयार होतं : 'आदिवासी विद्यार्थ्यांची वर्गीकरणक्षमता शहरी विद्यार्थ्यांपेक्षा कमी आढळते.' ते वाक्य मी आधीच वाचलं होतं. बरोबरची खूणही केली होती.

शाळेत निम्मे वर्ग रिकामे. मोहफुलं वेचायचे दिवस, बरीच मुलं गावाकडे गेलेली. मुख्याध्यापक पंचायत समितीत गेलेले, म्हणजे शिक्क्यासाठी दुपारपर्यंत थांबणं आलं. वेळ काढायचा म्हणून मी विद्यार्थिनीला म्हटलं, चाचणीची चित्रं बाहेर काढ, पाहू तरी. वऱ्हांड्यात एक मुलगी समोर येऊन बसली. चाचणीतल्या तिसांपैकीच ती होती.

कुऱ्हाड, कोयता, विळा, लाकूड. उत्तरसूचीप्रमाणे लाकूड वेगळं, कारण बाकीची तीन अवजारं. मुलीनं विळ्यावर बोट ठेवलं.

"का गं?"

"गवताचा आहे तो."

कुऱ्हाड आणि कोयता लाकडाचे, विळा गवताचा. माझी विद्यार्थिनी दर्यापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. ती हसायला लागली. "सर, विळ्यानं लाकूड कोण तोडते?" आणि हसता हसता गप्प झाली, कारण याच उत्तराला तिनं शून्य दिलं होतं. किती जणांना, ते तिनं पुढे मोजलं. मी विचारलं नाही.

पुढचा प्रश्न : बैल, शेळी, कोंबडी, नांगर. मुलीनं बैल आणि नांगर एकीकडे सरकवले, शेळी-कोंबडी दुसरीकडे, आणि हात मागे घेतला. एकच काढ म्हटलं तर काढेना. उत्तरपत्रिकेत हा प्रश्न 'अनुत्तरित' होता.

आता कबूल करायची गोष्ट. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया 1931-32मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांसमोर हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका ठेवतो आणि ते म्हणतात, ओंडका कसा काढणार, तोच नसला तर बाकीच्यांचा उपयोग काय? हे मी दरवर्षी शिकवतो. लायबेरियातल्या क्पेले लोकांचा किस्सा तर रंगवून सांगतो. त्यांना वस्तू लावायला सांगितल्या की ते वापराप्रमाणे लावत, सुरी संत्र्याजवळ, शहाणा माणूस असंच करतो म्हणत. शेवटी संशोधकानं वैतागून विचारलं, मूर्ख माणूस कसं लावेल? तर हत्यारं हत्यारांत, फळं फळांत, झटकन! वर्ग हसतो, मीही हसतो. आणि या चाचणीची उत्तरसूची माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनानं पक्की झाली होती.

म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, "बरं, हेच तुझ्या पुस्तकात असतं तर?"

"लाकूड," ती म्हणाली. विचारसुद्धा केला नाही.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"पुस्तकातलं कुठं विचारलं तुम्ही?"

त्या दिवशी हजर असलेल्या आणखी सहा मुलांना आम्ही तसंच विचारलं. सगळ्यांनी काही उत्तर बदललं नाही. दोघं विळ्यावर ठाम राहिले, एकाला प्रश्नच कळला नाही. चौथ्या एका मुलीकडून मात्र मला नवीन कारण मिळालं : कुऱ्हाड वेगळी, कारण ती बाबा उचलू देत नाही.

परतीच्या गाडीत दुसऱ्या गटाची गोष्ट निघाली. शहरातली ती तीस मुलं पाचवीची, आणि शिष्यवृत्ती परीक्षा तेव्हा पाचवीला असायची. तिथं बुद्धिमत्तेच्या पेपरात 'गटात न बसणारे पद ओळखा' याच नावाचा प्रकार असतो आणि त्याचा सराव शाळेत, क्लासमध्ये, रविवारीसुद्धा चालतो. एका गटाला आम्ही घोटलेला धडा विचारला होता, दुसऱ्याला कोडं. मग फरक सार्थक येणारच, टी-मूल्याचा त्यात काय दोष?

ती रडवेली झाली होती. "सर, फरक नाही असं लिहिलं तर बाहेरचे परीक्षक मार्क देतील?" मी तिला इरावतीबाई कर्व्यांचं उदाहरण दिलं. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. युरोपियांच्या आणि इतरांच्या कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेत वांशिक फरक असणार, असं फिशरचं गृहीतक. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं, त्याच मार्गदर्शकाच्या हाताखाली. पीएच.डी. मिळाली. तिनं ऐकून घेतलं, पण चेहरा उजळला नाही. तिच्यापुढे फिशर नव्हता, मी होतो.

फरक नाही असंही लिहिता येत नव्हतं, हे आम्हाला घाट उतरताना उमगलं. वऱ्हांड्यात सात मुलांना दुसऱ्यांदा विचारलं, तेही मी, सर म्हणून समोर बसून. ती काही चाचणी झाली नाही. शेवटी तिनं जुने तक्ते तसेच ठेवले, निष्कर्षाचं वाक्य काढून टाकलं आणि एक नवं प्रकरण जोडलं : कोणत्या मुलानं कोणतं चित्र गटाबाहेर काढलं आणि का. कारणं फक्त त्या सातांचीच होती, बाकीच्यांना तिनं 'का' विचारलंच नव्हतं. तेही लिहिलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विळ्याचं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "पण मग परिकल्पना स्वीकारली की नाकारली?" ती म्हणाली, "सर, ती नीट मांडलीच नव्हती."

मार्क बरे पडले, फार नाही. बाइंडिंगवाल्यानं मात्र कव्हर आधीच छापून ठेवलं होतं, सोनेरी अक्षरांत 'बौद्धिक क्षमतेचा तौलनिक अभ्यास'. नवं शीर्षक, 'वर्गीकरणाच्या पद्धती', म्हणजे पुन्हा पैसे. अर्धे मी दिले. जुनं कव्हर माझ्या कपाटात आहे, उत्तरसूची त्यातच ठेवली आहे.