दख्खनी लोकरीची रोजनिशी

14 जून

फलटणजवळ माझ्या मामेबहिणीचे शेत आहे आणि पेरणीपूर्वी तेथे मेंढ्या बसवण्याची पद्धत अजून टिकून आहे. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात गेलेली धनगर कुटुंबे पावसाच्या तोंडावर देशावर परततात आणि वाटेत काही रात्री कळप शेतात बसवून जमिनीला लेंडीखत देतात. या वेळी त्यांची कातरणीही येथेच झाली. लोखंडी कातरीचा आवाज थांबेपर्यंत मी तेथून हलले नाही. मेंढीचे चारही पाय बांधून तिला कुशीवर निजवतात आणि पोटाकडून पाठीकडे अशी लोकर उतरवत जातात. दख्खनी मेंढीच्या अंगावर लोकर मुळात विरळ असते, त्यामुळे एका मेंढीमागे वर्षाला किलोभरही निघत नाही.

कळपाच्या थोरल्या धनगरमामांना मी लोकर मागितली तेव्हा ते म्हणाले, “न्या की ताई, हवी तेवढी न्या. पूर्वी घोंगड्या विणणारे सनगर दारात येऊन घेऊन जायचे, आता कातरणाऱ्याची मजुरीबी सुटत न्हाई.” मी पैसे दिलेच, पण त्यांचे ते वाक्य मनातून जात नाही. ज्या लोकरीच्या घोंगडीवर या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाऊस झेलला, ती आज बांधाला टाकून देण्याच्या मोलाची झाली आहे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

19 जून

पोते उघडून दिवसभर निवड केली. लांबून काळी वाटणारी लोकर हातात घेतल्यावर एका रंगाची राहत नाही. मुळाशी ती कोळशासारखी काळी असते आणि टोकाकडे उन्हाने विटून तांबूस झालेली असते. काही पुंजक्यांत पांढरे तंतू इतके मिसळलेले आहेत की तो पुंजका दुरून करडा दिसतो. निव्वळ पांढरी लोकर अगदी थोडी निघाली. तिच्याशिवाय मंजिष्ठा या रंग देणाऱ्या वनस्पतीचा खरा लाल दिसणार नाही, म्हणून तिचा प्रत्येक पुंजका जपून वेगळा ठेवला. काळी लोकर रंगवायचीच नाही, हे मी आधीपासून ठरवले होते, कारण तिच्यावर कोणताही रंग चढला तरी दिसत नाही आणि तिला स्वतःचा इतका सुंदर रंग असताना त्याची गरजही नाही.

एका लहान पिशवीत मामांनी कोकरांचे जावळ, म्हणजे पहिल्या कातरणीची लोकर, वेगळी बांधून दिली आहे. ती बोटांना इतकी मऊ लागते की ती याच जातीच्या मेंढीची आहे यावर पटकन विश्वास बसत नाही.

22 जून

धुणे झाले. रात्रभर भिजवलेल्या रिठ्यांचे पाणी कोमट करून त्यात लोकर नुसती बुडवून ठेवली आणि अजिबात चोळली नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात चोळले, किंवा गरम पाण्यातून काढून एकदम गार पाण्यात टाकले, तर ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा, म्हणजे न सुटणारा घट्ट थर, होतो. धुण्याच्या सोड्यापासून मी दूर राहते, कारण तीव्र क्षाराने लोकर कमजोर होते. पावसाळी हवेमुळे सगळी लोकर वाळायला बराच वेळ लागला.

8 जुलै

पिंजण आणि कताई यांतच हे सगळे दिवस गेले, आणि मला या छंदातला हाच भाग सर्वांत प्रिय आहे. तारांचे दात असलेल्या दोन फण्यांवर लोकर पुन्हा पुन्हा ओढून घेतली की गुंतलेले तंतू एका दिशेला येतात. मग त्यांचा सैल पेळू वळता येतो. पुण्यात राहत असल्यामुळे मला पेटी चरख्याविषयी विशेष आपुलकी आहे, कारण येरवड्याच्या तुरुंगातच गांधीजींनी 1930 च्या सुमारास त्याला आकार दिला. परंतु त्या चरख्याची बारीक चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी सळई, कापसाच्या आखूड तंतूसाठी आणि तलम सुतासाठी आहे. दख्खनी लोकरीचे जाड सूत तिच्यावर पाहता पाहता भरून जाते. म्हणून मी सुताराकडून लाकडी टकळी करून घेतली आहे. शाळेत कापूस कातायची पितळी टकळी असे तिच्यापेक्षा ही वजनदार आहे आणि उभ्याने, हवेत सोडून फिरवता येते.

पीळ किती द्यायचा, हाच कताईतला सर्वांत मोठा प्रश्न आहे. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण वीस मायक्रॉन जाडीचा असतो आणि दख्खनीचा पन्नासच्या आसपास. शिवाय तिच्यातील अनेक तंतू केसासारखे असतात, त्यांच्या गाभ्यात पोकळी असते आणि म्हणूनच ते ताठ असतात. अशा लोकरीला मेरिनोइतका पीळ दिला तर तिची सुतळी होते. पीळ कमी दिला तर सूत दिसायला गुबगुबीत होते, पण ताण बसताच तंतू निसटून तुटते. या दोहोंच्या मधली जागा डोळ्यांना दिसत नाही. डाव्या हाताच्या चिमटीतून पीळ पेळूकडे सरकू लागतो तेव्हा तेथे एक बारीकशी कुरकुर जाणवते. ती जाणवताच चिमूट सोडून पुढचे तंतू ओढायचे, थोडे थांबायचे, आणि पुन्हा सोडायचे. फलटणला एका आजींना ओसरीत बसून बोलता बोलता असे सूत काढताना मी पाहिले आहे. त्या सुताकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांच्या हाताला जे कळते ते माझ्या हाताला कळायला अजून पुष्कळ अवकाश आहे, आणि तोवर लागणारा वेळ मला मुळीच जड वाटत नाही.

30 जुलै

रंगकामाला सुरुवात केली. पांढऱ्या सुताच्या लडी आधी तुरटीच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवल्या. शंभर ग्रॅम लोकरीला पंधरा ग्रॅम तुरटी हे माझे प्रमाण आहे. तुरटीतील ॲल्युमिनियम तंतूला धरून राहते आणि पुढे रंगाचा कण त्याला धरतो. हा दुवा नसेल तर मंजिष्ठेचा रंग धुण्यात फिका पडत जातो. काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली मंजिष्ठेची पूड लोकरीच्या वजनाइतकी घेऊन आदल्या रात्री भिजवली होती. पातेले हळूहळू तापवले आणि लोकर त्याच पाण्यात निवू दिली. विहिरीच्या पाण्यात काढलेली लडी नळाच्या पाण्यातल्या लडीपेक्षा स्पष्टपणे अधिक लाल निघाली, कारण कठीण पाण्यातील चुना या लाल रंगाला खुलवतो. रंगाऱ्यांची वस्ती कोणत्या नदीकाठी किंवा विहिरीजवळ वसे, याला आपल्याकडे महत्त्व का असावे, ते त्या दोन लडी शेजारी ठेवल्यावर समजते.

डाळिंबाच्या सालींनी मातकट पिवळा दिला. त्याच लडीचा अर्धा भाग गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून केलेल्या लोहपाण्यात क्षणभर बुडवला, तेव्हा तो पावसाळी ढगासारखा करडा झाला. लोह मात्र हात राखून वापरावे लागते, कारण त्याने लोकर ठिसूळ होते. हळद मी वापरत नाही. तिचा पिवळा पहिल्या दिवशी मन मोहून टाकतो आणि उन्हात काही दिवसांतच उतरतो. असा रंग देऊन वस्तू विकणे तर मला मुळीच पटत नाही.

11 ऑगस्ट

आज नीळ. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून क्षपण या रासायनिक क्रियेने तिला विरघळणारे रूप द्यावे लागते. मी तमिळनाडूतून आलेली निळीची वडी खलून घेतली आणि फळांची साखर व चुना यांच्या साहाय्याने पिंप लावले. कापसाला अशा पिंपातला तीव्र क्षार चालतो, पण लोकरीसाठी चुना बेताचाच ठेवावा लागतो आणि लडीही थोडाच वेळ आत ठेवायची असते. वरती तांबूस चमकती साय आली आणि खालचे पाणी पिवळसर हिरवे दिसू लागले, तेव्हा पिंप तयार झाले. करड्या सुताची ओली लडी अलगद आत सोडली आणि बाहेर काढली तेव्हा ती हिरवी होती. हवा लागताच कडांपासून निळाई पसरत आतल्या घड्यांपर्यंत गेली. नंतर व्हिनेगरच्या सौम्य पाण्यातून काढून क्षार मारला. पांढऱ्या सुतावर नीळ स्वच्छ निळी दिसते, पण करड्या सुतावर ती फार खोल दिसते, कारण प्रत्येक काळा तंतू तिच्या आतून सावलीसारखा डोकावतो. या सगळ्या खटाटोपात मिळालेला हा सर्वांत सुंदर रंग आहे.

6 सप्टेंबर

सुयांवर टाके घातले. प्रथम नमुन्याचा चौकोन विणला. एकेरी सुतात एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणले की चौकोन एका बाजूला तिरका कलतो, कारण सुतातला अडकलेला पीळ सुटू पाहतो आणि प्रत्येक टाक्याला ओढतो. सगळ्याच ओळी सुलट विणल्या तर दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना सावरते. आसनासाठी मी काळे एकेरी सूत आणि सहा मिलिमीटरच्या सुया घेऊन सगळ्या ओळी सुलट विणत आहे. वीण दाट, जाड आणि जमिनीवर पसरल्यावर न हलणारी होते. या लोकरीला हेच रूप शोभते.

अंगावर घालण्याच्या कपड्यांसाठी मात्र वेगळा विचार हवा. साधारण तीस मायक्रॉनहून जाड तंतूची टोके त्वचेला टोचतात, त्यामुळे दख्खनी लोकरीचा गळपट्टा कितीही प्रेमाने विणला तरी कोणी गळ्याभोवती ठेवणार नाही. दुकानातील मऊ लोकरीशी तुलना करून या लोकरीला नावे ठेवणारे तिच्याकडून चुकीच्या वस्तूची अपेक्षा करतात. आसन, बसकर, पिशवी, सदऱ्यावरून घालायचे बिनबाह्यांचे जाकीट, हे तिचे क्षेत्र आहे आणि त्यात ती वर्षानुवर्षे झिजत नाही.

जावळाचे सूत मी दुहेरी केले. दोन सुते उलट दिशेने पिळली की त्यांचा पीळ तोलला जातो आणि वीण सरळ बसते. निळ्या-करड्या अंगावर मंजिष्ठेची किनार, असे लहान जाकीट त्यातून निघेल. समोरचा एक पाखा पूर्ण झाला आहे. किनारीपुरते लाल सूत आहे, पण पाठीसाठी जावळ कमी पडेल असा अंदाज आहे. म्हणून मामेबहिणीला फोन करून सांगितले की पुढच्या कातरणीला कोकरांची लोकर वेगळी बांधायला मामांना सांग आणि या खेपेला भाव त्यांनाच ठरवू दे. उरलेली काळी लोकर वेखंडाच्या कांड्यांसह सुती पिशवीत भरून ठेवली आहे, म्हणजे कसर लागणार नाही.